बाहीवरचं स्पिरिट

पोलिसांना रक्त कसं काढतात ते शिकवायला मी दवाखान्यातून बारामतीला निघाले, तेव्हा रबरी हात उशीच्या खोळीत घालून मांडीवर घेतला होता. आमच्या दवाखान्यात शिकाऊ नर्सेससाठी तो कधीतरी आलेला. खोळ आखूड पडली आणि बोटं बाहेर राहिली. एसटीत शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी बराच वेळ त्या बोटांकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, कुणाचा हाय. मी म्हटलं, कुणाचा नाही, शिकवायचा आहे. त्यांनी आपली पिशवी जरा पलीकडे सरकवून घेतली.

हे हसण्यासारखं आहे म्हणून मी पुष्कळांना सांगितलं. त्या दिवशी पुढं काय झालं ते सांगायला मला वेळ लागला.

मी लॅब टेक्निशियन. इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी नोकरीची बहुतेक सगळी वर्षं गेली. राहायला बारामतीत, रोजचं जाणं-येणं एसटीनं. पोलिसांत एक नवे अधिकारी आले होते. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस कोर्टात रक्ताच्या नमुन्यापाशी येऊन पडतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. कुठं नळी चुकीची, कुठं सील फुटलेलं, कुठं सहीच नाही. सुई काही पोलिसांच्या हातात द्यायची नव्हती. ते काम डॉक्टरांचं, किंवा त्यांच्या सांगण्यावरून आमच्यासारख्यांचं. पण ज्यानं एकदा स्वतः सुई घातलीय त्याला समोरचा कुठं चुकतो ते दिसतं, असं त्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. म्हणून प्रत्येक ठाण्यातून दोन-दोन माणसं बोलवायची आणि रबरी हातावर त्यांना सगळं करून बघायला लावायचं ठरलं. आमच्या अधीक्षकांनी माझं नाव सुचवलं. माझा हात हलका आहे असं सगळे म्हणतात.

मला नको होतं. पण नको का, याचं सांगता येण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते असं.

त्याच्या चार वर्षं आधी एका सकाळी ओपीडी दारापर्यंत भरलेली असताना पोलीस एका माणसाला घेऊन आले. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, पांढरा सदरा, दाढी नीट राखलेली. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. मुलांना सोडून रिकामी गाडी घेऊन परत येताना, रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली चुकवायला गेला आणि समोरून आलेल्या मोटरसायकलला त्याची धडक बसली. मोटरसायकलवाल्याचा पाय मोडला. जमलेल्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, पिऊन चालवत असंल. पोलिसांनी त्याला तपासणीसाठी आणलं होतं.

डॉक्टर वॉर्डात अडकले होते. त्यांनी निरोप पाठवला की तुम्ही रक्त काढून ठेवा, मी आलोच. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता. दारूच्या तपासणीचं रक्त घेताना स्पिरिट वापरू नये, साबणपाण्यानं जागा पुसावी, असं त्यावर लिहिलेलं. तो कागद मीच चिकटवला होता. पण त्या सकाळी मी कितीतरी हात पुसले होते आणि माझा हात आपोआप स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला. तो माणूस घाबरलेला होता. बोळा लागताच त्यानं हात एकदम मागं घेतला, बाटलीला धक्का लागला आणि त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. मी ओरडलेच त्याच्यावर, हात स्थिर ठेवा म्हणून. मग शीर धरली, रक्त घेतलं, करड्या बुचाच्या नळीत भरलं. वास नाकात गेला तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. ती नळी बाद करायची, दुसरा हात साबणानं धुवायचा, पुन्हा रक्त घ्यायचं, आणि डॉक्टरांना तसं सांगायचं. पाच मिनिटांचं काम. बाहेर एक बाई मूल कडेवर घेऊन दार ठोठावत होती. मी मनाशी म्हटलं, कातडी वाळली होती, काही होत नाही.

डॉक्टर आले. त्याला तोंड उघडायला लावलं, वाकले, आणि म्हणाले, वास येतोय.

तो माणूस म्हणाला, "साहेब, मी घेत न्हाय. आमच्या घरात कुणीच घेत न्हाय. ह्ये बाहीवर सांडलंय. बाईंना इचारा की."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "पुसायला काय वापरलं?"

मी म्हटलं, "नेहमीचंच, सर."

डॉक्टर समजले ते वेगळं. अशा केसला नेहमी जे वापरतात ते, साबणपाणी. ते काय समजले हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांनी कागद पुढं ओढला आणि लिहिलं, तोंडाला दारूचा वास. तो माणूस माझ्याकडे बघत होता, आणि मी नळीवर लेबल चिकटवत होते. लेबल नीट बसलेलं होतं, तरी मी ते अंगठ्यानं दाबत राहिले. दाराशी एक हवालदार त्याचं लायसन हातात धरून उभा होता.

खोटं बोलले नाही, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला बजावलं. त्या माणसाची व्हॅन गेल्याचं मला एसटीतच कळलं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका बोलत होत्या, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर पिलेला सापडला म्हणून, आपलीही नात त्याच गाडीनं जायची म्हणून, आणि आता त्याची गाडी काढून घेतलीय म्हणून. मी खिडकीकडे तोंड केलं. नंतर कोर्टाचं काही समन्स आलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तर बारामतीतला तो वर्ग. पंधरा-सोळा जण होते. रबरी शिरेत मी लाल शाईचं पाणी भरलं होतं. एक अंगानं चांगला थोराड, तालमीतला वाटणारा शिपाई, त्याचे हात इतके थरथरत होते की सुई शिरेच्या आरपार जाऊन शाई टेबलावर आली. सगळे हसले, तोही हसला. एका तरुण महिला शिपायानं पहिल्याच खेपेला बरोबर घातली. मी तिला विचारलं, आधी कुठं शिकलीस का. ती म्हणाली, घरी शेळ्यांना इंजेक्शन मीच देते.

नळी कुठली, ती किती वेळा उलटसुलट करायची, लाख कशी लावायची, पेटीत बर्फ किती, सही कुणाकुणाची, हे सगळं सांगून झालं. मग तिनंच विचारलं, "मॅडम, चुकून स्पिरिट वापरलं तर काय हुतं?"

मी म्हटलं, दुसऱ्या जिल्ह्यात एका दवाखान्यात असं झालं होतं. तिथल्या बाईंच्या हातून स्पिरिट सांडलं, डॉक्टरांना वास आला आणि त्यांनी तसं लिहिलं. बाई बोलल्या नाहीत.

"मग त्या बाईंचं काय झालं?"

"काही नाही झालं."

"आन् ड्रायव्हरचं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी लाखेची कांडी पुन्हा उचलली, आणि तेव्हाच माझी नजर शेवटच्या रांगेवर गेली. तिथं एक हवालदार बसले होते. सुरुवातीपासून त्यांनी काहीच लिहून घेतलं नव्हतं. त्या सकाळी लायसन धरून दाराशी उभे होते तेच. केस पिकले होते म्हणून मी आधी ओळखलं नव्हतं.

चहाच्या वेळी ते दोन कप घेऊन माझ्याकडे आले. एक मला दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या जिल्ह्यात न्हवतं ते."

ते रागात नव्हते. रक्ताचा रिपोर्ट सात-आठ महिन्यांनी आला, असं त्यांनी सांगितलं. त्यात दारूचा मागमूसही नव्हता. पिण्याचं कलम तिथंच निघालं, अपघाताचं काय ते पुढं मिटलं. पण तोवर डॉक्टरांच्या कागदाचा कुणीतरी फोटो काढला होता आणि तो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेला होता. रिपोर्टचा फोटो मात्र कुणी टाकला नाही.

म्हणजे माझ्या बोळ्यातलं काहीच रक्तात गेलं नव्हतं. जे झालं ते नुसत्या वासानं झालं होतं, आणि तो वास कसला हे सांगायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही बोललात.

"मला बी वास आलता. बाटली आडवी पडल्याली बी बघितली मी," ते म्हणाले. "पर डॉक्टर ल्हितोय म्हटल्यावर मी काय बोलणार. आन् तुमी नेहमीचंच म्हणालात." मग त्यांनी सांगितलं की तो माणूस आता निमगाव केतकीच्या बाजारात बसतो. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चाळण्या विकतो.

निमगाव माझ्या रोजच्या रस्त्यावरचं गाव. चार वर्षं मी त्या बाजारावरून जात होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिथं उतरले. त्याला शोधायला लागलं नाही. ताडपत्रीवर रंगीत माल मांडून बसला होता, दाढीत पांढरं आलेलं. मी समोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं, चहाची गाळणी द्या. त्यानं दोन-तीन दाखवल्या, कुठली टिकेल ते सांगितलं, कागदात गुंडाळून दिली. मला ओळखलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. मी ती घेतली आणि स्टॅंडकडे चालू लागले. एवढं ठरवून आलेली बाई गाळणी घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं त्याच गाळणीनं चहा गाळला आणि म्हणाला, ही बरी आहे, तुंबत नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, आता कशाला उकरतेस, एवढंच म्हणाला. मलाही चार वर्षं तेच वाटत आलं होतं.

पुढच्या बाजारी मी पुन्हा गेले. या वेळी उभी राहिले नाही, ताडपत्रीच्या कडेला खालीच बसले आणि म्हटलं, मी त्या दवाखान्यातली बाई. स्पिरिट माझ्या हातून सांडलं होतं आणि मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

तो डब्यांवरची धूळ पुसत होता, ते त्यानं थांबवलं नाही. "मागल्या बाजारीच वळखलं तुमाला," तो म्हणाला. "बोलशीला म्हणून वाट बघितली."

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"ते मला ठावंच हाय. माझ्या अंगावरच सांडलं की. मला सांगून काय उपेग?" त्यानं फडकं खाली ठेवलं. "भाईला सांगा. माझ्या थोरल्या भावाला."

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. व्हॅन भावाच्या नावावर होती. भावाचं बारामतीत बॅटऱ्यांचं दुकान, चार लोकांत मान. तो कागद सगळीकडे फिरल्यावर भावानं व्हॅनच्या किल्ल्या काढून घेतल्या. ज्या घरात कधी दारू शिरली नाही त्या घराचं नाव घालवलंस, असं म्हणाला. तेव्हापासून एकाच्या घरी दुसरा जेवला नव्हता. रिपोर्ट आल्यावर हा तो घेऊन दुकानावर गेला होता, पण भाऊ म्हणाला की असले कागद करून आणता येतात.

आम्ही त्याच दिवशी गेलो. त्यानं माल शेजारच्या चप्पलवाल्याच्या भरवशावर टाकला. एसटीत मी पुढं बसले, तो मागं. वाटेत दोनदा वाटलं की पुढच्या थांब्यावर उतरावं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. भावानं धाकट्याकडे पाहिलं आणि मान वळवली. माझ्याकडे बघून विचारलं, काय पाहिजे मॅडम. मी गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबू शकले असते. पण मग धीर गेला असता, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं. कोण, कुठली, काय सांडलं, डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. आवाज फार लहान निघाला. एका गिऱ्हाइकानं मधेच विचारलं, काय म्हणाल्या, आणि मला ते उत्तर पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.

भावानं मला बसायला स्टूल दिलं. बराच वेळ तो काउंटरवरच्या कागदांवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं तो मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. पण तो धाकट्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तू घरी आलास, तवा मी तुझं तोंड हुंगलं हुतं. कायबी वास न्हवता. मला कळलं हुतं. तरी मी त्या कागदाचंच ऐकलं."

दाराच्या चौकटीला टेकून धाकटा रस्त्याकडे बघत होता. भाऊ आत गेला, तोंडावर पाणी मारून आला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुमी आज आलात. पण हे त्या दिवशी सांगायचं हुतं."

मी होय म्हटलं. चहा आला होता, तो न घेताच निघाले. त्या दोघांत मी बसून राहणं बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून आमच्या अधीक्षकांकडे दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं की हे कुणी मागितलंय का. मी म्हटलं, नाही. त्यांनी तो कागद ठेवून घेतला. त्यावर काय झालं ते अजून मला कळलेलं नाही. त्या वेळचे डॉक्टर बदली होऊन लांब गेले होते, त्यांना फोन केला. त्यांना केस आठवेना. कुठला ड्रायव्हर, असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि मग म्हणाले, अहो, आपण तेव्हा किती पेशंट बघायचो. मी लिहिलेल्या कागदाची एक प्रत शाळेतही नेऊन दिली. तिथल्या बाईंनी नीट वागवलं, फाईलला लावते म्हणाल्या, आता गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे म्हणाल्या.

पोलिसांचे वर्ग मी नंतर आणखी दोनदा घेतले. आता ती गोष्ट सांगताना दुसरा जिल्हा आणि कुणी एक बाई येत नाही. मीच येते. एकदा एका शिपायानं शांतपणे विचारलं की मग आम्ही तुमच्याकडून का शिकायचं. बाकीचे त्याला गप्प करायला लागले, पण त्याचं विचारणं बरोबर होतं. मी म्हटलं, सुई कशी धरायची ते माझ्याकडून शिका, तोंड कधी उघडायचं ते माझ्याकडून शिकू नका. हे ऐकायला चांगलं वाटतं, म्हणून बोलून झाल्यावर त्याचीही लाज वाटली.

दोघं भाऊ आता बोलतात, असं हवालदारांकडून समजलं. ईदला थोरला धाकट्याच्या घरी जेवून गेला. व्हॅन केव्हाच विकली गेलीय. भावानं दुसरी गाडी घेऊन देतो म्हटलं होतं, पण याला नको. पोरं बसली म्हणजे आता मलाच भ्या वाटतं, असं तो म्हणाला म्हणे.

मधूनमधून मी निमगावला उतरते. तो दिसला की मान हलवतो, कधी नाही हलवत. गेल्या महिन्यात ताडपत्रीवर त्याची बायको बसली होती. मी तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. मी डबा उचलून बघत होते, तेव्हा तिनंच विचारलं, दवाखान्यातल्या बाई तुमीच ना. मी होय म्हटलं.

ती म्हणाली, "ते बोलत्यात तुमच्यासंगं. त्यांचा सभावच तसा हाय. आमची पोरगी त्याच साळंत हुती. तिला काढून आणाया मी गेले, तवा फाटकापाशी बायकांनी माझ्याकडं बघून पदर नाकाला लावला. मला ते रोज दिसतंय. मला न्हाय तुमच्यासंगं बोलता येणार."

आवाज चढला नव्हता. मागं उभी असलेली एक बाई बादलीचा भाव विचारत होती, तिच्याकडे ती वळली. मी डबा होता तिथं ठेवला. बरोबर आहे तुमचं, एवढं म्हटलं, पण ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग रस्ता ओलांडून मी बसची वाट बघत उभी राहिले.